दुरुस्ती करणाऱ्यांचं देणं

अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायला लागलो तेव्हा माझ्याकडे बरा आवाज आणि मोकळा वेळ एवढंच होतं. संकलनातलं काहीही कळत नव्हतं. एका मित्रानं ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर सुचवलं. डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी १९९९मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात त्याचं काम सुरू केलं आणि २०००मध्ये ते सर्वांसाठी खुलं केलं. या दोघांचे उपकार मला लगेच जाणवले. त्यांच्यामागून ते वर्षानुवर्षं दुरुस्त करत राहिलेल्यांचे उपकार कळायला मात्र फार वेळ लागला.

नवी आवृत्ती आल्याची सूचना दिसली की मी ती बाजूला सारत असे. चाललंय ते ठीक आहे, असं वाटे. घरच्या खोलीतली घरघर काढताना शब्दांच्या मागे बारीक किणकिण उरते, ही त्या तंत्राची जुनीच अडचण. २०१५च्या आवृत्तीत गोंगाट कमी करण्याची पद्धत सुधारली गेली आणि ‘स’, ‘श’सारखे हलके उच्चार पुष्कळ स्वच्छ राहू लागले. केवळ कानांवर विसंबणाऱ्या मुलांसाठी ही गोष्ट मोठी होती. त्यानंतर मी बदलांची यादी वाचू लागलो.

एमपीथ्री फाइल तयार करायला पूर्वी लेम नावाचा वेगळा भाग बसवावा लागे, कारण त्या तंत्रावर पेटंट होती. ती संपल्यावर, २०१९मध्ये, तो भाग सॉफ्टवेअरमध्येच आला. मार्च २०२१च्या ३.० आवृत्तीत त्याहून खोल बदल झाला. लांबलचक मुद्रणात मधलं वाक्य कापताना सगळी फाइल पुन्हा लिहावी लागू नये, म्हणून ऑडॅसिटी आवाजाचे छोटे तुकडे करून ठेवतं. ते तुकडे आधी वेगळ्या फोल्डरमध्ये असत. फोल्डर आणि मूळ फाइल यांची ताटातूट झाली की काम उघडत नसे. आता सगळं एकाच फाइलमध्ये राहतं. पेन ड्राइव्हवरून धडे इकडून तिकडे नेणाऱ्या माझ्यासारख्यांचा केवढा घोर त्यांनी मिटवला!

यादीतली दुरुस्तीची एकेक ओळ वाचताना कळत गेलं, की तिच्यामागे कुणाची तरी नेमकी तक्रार असते: मी काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि झालं काय. ही तीन उत्तरं मिळाली की दुरुस्त करणाऱ्याला दोष शोधता येतो.

ही रीत मी माझ्या श्रोत्यांपाशी नेली. ‘कसं वाटलं?’ असं विचारलं की मुलं भिडेपोटी ‘छान’ म्हणत. मग विचारू लागलो, ‘कुठे थांबून मागे जावं लागलं?’ तेव्हा मुलं बोलू लागली. सर, गणितात कंस कुठे संपला ते कळत नाही. तळटीप संपून धडा कधी सुरू झाला ते समजत नाही. तेव्हापासून मी ‘कंस पूर्ण’, ‘तळटीप समाप्त’ असं स्पष्ट वाचतो. जुने धडेही एकेक करून पुन्हा मुद्रित करतो आहे.

जगभरच्या त्या प्रोग्रामरना आणि चिकाटीनं दोष कळवणाऱ्यांना मराठीतले हे धडे ठाऊकही नसतील. पण पूर्ण झालेल्या कामाकडे पुन्हा वळायचं असतं, हे मी त्यांच्याकडून शिकलो. त्या शिकवणीचा लाभ माझ्या विद्यार्थ्यांना होतो आहे, आणि त्याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.