दोन बुरखे

शेंदूरजनाघाटात जानेवारी-फेब्रुवारीत संत्र्याचा आंबिया बहार फुलला की वास थेट घरात येतो. त्या वासाच्या नादाने मी सातेरी मधमाश्यांच्या दोन पेट्या बगिच्यात आणून ठेवल्या. सामानात धूर करायचं धुराडं होतं, हातमोजे होते आणि तोंडावर घ्यायची जाळी. तिला या धंद्यात बुरखाच म्हणतात. मी हसलो आणि ती खुंटीला टांगली.

शेजारचे काका म्हणाले, "भाईजान, बुरखा घालाले लाजता काहून? मधमाशीले बाई-माणूस काय समजते!"

मी ऐकलं नाही. एका शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून, कपड्याला अत्तर तसंच ठेवून, उघड्या तोंडाने पेटी उघडली. उग्र वासाने माश्या चिडतात, हे तेव्हा कळलं. एक माशी चावली की नांगीतून जो वास सुटतो, तो बाकीच्यांना बोलावणं धाडतो. धूर तोच वास दाबतो आणि माझं धुराडं तर कधीच विझलं होतं! अकरा काटे निघाले. नांगी कातडीत रुतून राहते आणि तिची विषाची पिशवी पिळतच राहते, म्हणून ती झटकन खरवडून काढायची असते. मी आरशासमोर चिमटा शोधत बसलो होतो.

पुढच्या वेळी बुरखा घातला, पण पायजमा मोज्यात खोचला नाही. तो किस्सा इथे सांगण्यासारखा नाही.

तिसऱ्या वेळी मात्र हसू आलं नाही. मी नखशिखान्त पांढऱ्या कपड्यात होतो, पेटी उघडी होती आणि बायको डबा घेऊन आली, काळ्या बुरख्यात. गडद रंगावर मधमाश्या जास्त धावून जातात, हे मला शिकवलेलं होतं. तिला सांगायचं मी विसरलो होतो. काही माश्या कापडाच्या घेरात शिरल्या आणि आतच अडकल्या. डोळ्याजवळ, हातावर, मानेवर काटे. चेहरा सुजला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, श्वास घ्यायला त्रास होतो का? तसा त्रास झाला तर एक डंखही जिवावर बेतू शकतो. तो झाला नाही, अल्हम्दुलिल्लाह. पण दवाखान्याच्या बाकावरचा तो अर्धा तास मी विसरणार नाही. अंगभर कपडे माझ्या होते, तिला मी साधी सूचनाही दिली नव्हती.

सूज उतरल्यावर ती म्हणाली, "तासभर जाळीत राहिलात तर घामाची तक्रार करता. मी कधी केली?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. कुरआनात मधमाशीच्या नावाची सूरह आहे, सूरह नहल. ती मी लहानपणी पाठ केली होती, पण मधमाशीजवळ कसं जावं हे मला शेजारच्या काकांनी आणि बायकोने शिकवलं.

पांढऱ्या सुती कापडाला मच्छरदाणीची जाळी लावून तिने स्वतःसाठी एक बुरखा शिवला. आता खुंटीला दोन असतात. पेटी उघडण्याआधी ती माझा पायजमा मोज्यात खोचलाय का, ते पाहते.