अल्लाहला ठाऊक असते, अम्मीला सांगावे लागते

तीन वर्षांच्या मुलाला वाटते, जे आपल्याला माहीत ते सगळ्यांनाच माहीत. पुढच्या एक-दोन वर्षांत ही समज बदलते. मेक्सिकोतील माया मुलांवरचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मक्याच्या भाकरी ठेवायच्या भोपळ्याच्या भांड्यात मुलांना दुसरीच वस्तू दाखवली. थोड्या मोठ्या मुलांनी सांगितले, आत न पाहिलेल्या माणसाला भाकरीच वाटेल; देवाला मात्र खरे ठाऊक असेल. अमेरिकेतील ख्रिस्ती घरांतल्या मुलांनीही बिस्किटांच्या डब्याबाबत असेच उत्तर दिले होते.

म्हणजे अम्मीला सगळे कळत नाही हे ज्या वयात उमगते, त्याच वयात अल्लाहच्या इल्मची ओळख मनात पक्की होऊ शकते.

आम्हा बीडकरांना हे वय जपावे लागते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मागे राहिलेली मुले महिनोन्महिने दादी-नानीकडे असतात. अशा मुलाला "अल्लाह बघतोय" हे नुसते धाक म्हणून ऐकवले, तर त्याच्या हाती भीतीच उरते. आमच्या घरात आम्ही म्हणतो : रात्री तू पांघरुणात रडलास, ते अल्लाहला कळले. तुझ्या वाटणीचा खजूर बहिणीला दिलास, तेही त्याने पाहिले.

आणि एवढेही सांगतो, की अम्मी माणूस आहे. तिला सांगितल्यावाचून कळत नाही. म्हणून फोनवर "बरा आहे" एवढ्यावर थांबू नकोस, बेटा; काय दुखते ते सांग.