आता फाइल तुझ्याकडे

सालेकसा, जि. गोंदिया

लाडके,

होस्टेलात सामान लावून झालं असेल. कपड्यांखाली निळी फाइल सापडली की तू तोंड वाकडं करणार, हे ठाऊक आहे मला. ‘आत्या, फुगा घालून झडप उघडली ना, मग आता काय राहिलं?’ हे तुझं नेहमीचं. अठरा पूर्ण झालीस, आता नीट सांगते.

गावात अजून ‘पोरीच्या हृदयाला छिद्र होतं’ असंच बोलतात. छिद्र कधीच नव्हतं. हृदयाच्या उजव्या कप्प्यातून फुप्फुसाकडे रक्त जातं, त्या वाटेवरच्या झडपेच्या पाकळ्या जन्मापासून एकमेकींना चिकटलेल्या होत्या. तू बांधावर धावताना मध्येच बसायचीस. सगळे म्हणायचे, रक्त कमी असेल. आपल्या भागात सिकलसेल इतका, की पोरगी दमली म्हटल्यावर दुसरं काही सुचतच नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी शाळेत आली, डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ उचललीच नाही, तेव्हा कळलं.

फाइलमधला पहिला इको काढ. ‘ग्रेडियंट 70’ लिहिलंय. म्हणजे झडपेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक. 36 च्या आत असेल तर सौम्य, 64 च्या वर गेला की तीव्र. फुग्यानंतरच्या कागदावर 18 आहे. फुग्याची ही युक्ती 1982 मध्ये अमेरिकेत जीन कान या डॉक्टरबाईंच्या चमूने पहिल्यांदा मुलांवर केली. त्याआधी बहुतेकदा छातीच उघडावी लागे. झडपेचा अरुंदपणा परत वाढेल ही भीती मात्र आता मनातून काढ. तान्ह्या बाळांत तो झपाट्याने वाढू शकतो, पण मोठेपणी सौम्य अरुंदपणा बहुधा आहे तिथेच राहतो. अमेरिकेत अशा रुग्णांचा 25 वर्षं मागोवा घेतला, तर 25 च्या आत फरक असलेल्या बहुतेकांना शस्त्रक्रिया लागलीच नाही.

मग फाइल कशाला? गळतीसाठी. चिकटलेल्या पाकळ्या फाकवल्या की थोडं रक्त उलटं येतं. फुग्यानंतर ती गळती बहुतेकांत किरकोळच असते, पण काहींत ती वर्षानुवर्षं उजवा कप्पा ताणत राहते आणि माणसाला पत्ताही लागत नाही. ‘मला काही होत नाही’ या तुझ्या बोलण्यावर म्हणूनच माझा भरवसा नाही. माझा भरवसा इकोवर. गळती किरकोळ असली तर तीन-पाच वर्षांनी एकदा पुरतो, जास्त असेल तर वर्षा-दोन वर्षांनी. कप्पा फारच मोठा झाला तर नवी झडप बसवतात, आणि आता तीसुद्धा पुष्कळांना मांडीच्या शिरेतून बसवता येते.

आजवर शाळेच्या तपासणीवाल्यांनी तुला हुडकून काढलं. तो कार्यक्रम अठरापर्यंतच. नवा रायपूरचं सत्य साई संजीवनी रुग्णालय आपल्याच रेल्वेलाइनने गाठता येतं, तिथे पैसाही घेत नाहीत, पण ते मुलांचं. ऐन विशीत पोरी शिक्षणाला जातात, लग्न होऊन जातात, आणि तपासणी सुटते ती इथेच. नागपूरच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात मोठ्यांची हृदयाची ओपीडी आहे. दिवाळीआधी जाऊन ये.

लग्नाचं म्हणशील तर तुझी आई म्हणते, स्थळाला सांगायचं नाही. माझं उलट मत आहे, आणि यावर आमचं वाजलंही. तुझ्यासारख्या झडपेला बाळंतपण सहसा झेपतं, पण डॉक्टरला आधी माहीत हवं. बाळाच्या हृदयाची सोनोग्राफीही साधारण 18 ते 22 आठवड्यांत करून घ्यायची असते. सासरी लपवलं तर ती करायला तुला कोण नेणार?

दाढ दुखतेय म्हणत होतीस. आधी ती दाखव, आणि दातांच्या डॉक्टरला झडपेचं सांग. इकोचा कागद मिळाला की फोटो पाठव. ग्रेडियंटचा आकडा आणि गळतीपुढे काय लिहिलंय, एवढं मला वाचता येतं.

तुझी,
आत्या