रात्रपाळी

बाबांची रात्रपाळी असली म्हणजे आईला झोप येत नाही. बडोद्याजवळच्या एका रासायनिक कारखान्यात ते नोकरीस आहेत. एकदा मी मोठ्या शहाणपणाने म्हटले, “पण तेथे सुरक्षेची साधने असतातच की!”

बाबा क्षणभर गप्प राहिले. “भोपाळलाही होती, बाळ.” २ डिसेंबर १९८४ च्या रात्री तेथे मिथिल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले, विषारी वायू शहरावर पसरला, हजारो माणसे प्राणांस मुकली. टाकी थंड राखणारे यंत्र कित्येक महिने बंद होते. वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती.

पाळी सुरू होताच सेफ्टी व्हॉल्व्हखालची झडप उघडी आहे ना, हे बाबा स्वतः पाहून येतात. ती कोणी चुकून बंद केली असेल, तर वरचा व्हॉल्व्ह केवळ शोभेचा!

आईला हे सारे ठाऊक आहे. तरी सकाळी फाटक वाजले, की मगच ती चहाचे आधण ठेवते.