कडुनिंबाला न भिणारी पोर

लेक दोन वर्षांची झाली आणि येणारा-जाणारा विचारू लागला, "अजून अंगावर पितीय?" जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि पुढेही हवं तोवर पाजा म्हणते, हे मी सासूबाईंना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "त्या संघटनेला सकाळी उठून कामावर जायचं नसतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्रीतून दोन-तीनदा पाजायचं आणि दिवसा ऑफिसात टेबलावर डुलक्या काढायच्या, असं किती दिवस चालणार?

अंगावरचं कधी तोडायचं, यावरही मतं होतीच. पावसाळ्यात पोट बिघडतं, उन्हाळ्यात पोर सुकतं. थंडीत सोडवणार होते, तर आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतून आल्यावर तिला सर्दी-तापानं धरलं. आजारी लेकराचं कोण तोडतं? मग उरला उन्हाळाच: 42-43 अंशांचं ऊन आणि तेव्हा नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. अंगावरचं सुटलं की लेकराची भिस्त त्या साठवलेल्या पाण्यावरच. म्हणून आधी उकळून गार केलेल्या पाण्याची, ताकाची, भाताच्या पेजेची सवय लावली आणि पाडवा झाल्यावर मनावर घेतलं.

सासूबाईंनी कडुनिंबाचा पाला वाटून दिला. "लाव, एका दिवसात सोडतीय बघ." आमच्या पूर्व भागातल्या शेजाराचा त्यांना विसर पडला होता. शेजारच्या तेलुगू अम्मांकडे उगादीला कडुनिंबाचा मोहोर, चिंच, गूळ, कैरी घालून पच्चडी करतात. लेकीनं ती नुकतीच वाटी चाटूनपुसून खाल्ली होती. तिनं हिरव्या लेपाकडे पाहिलं, फ्रॉकनं पुसून काढला आणि प्यायला लागली. जाऊबाईंनी कोरफड सुचवली, कुणी मिरची. मिरचीला मी साफ नाही म्हटलं. पोराच्या तोंडाला आग लावून काय तोडायचं?

मग माझ्याच पद्धतीनं घेतलं. आधी दुपारचं बंद, काही दिवसांनी संध्याकाळचं. रात्रीचं मात्र सुटेना. शेवटी नवऱ्यानं टॉवेलच्या कारखान्यातली पाळी बदलून घेतली आणि लेकीला घेऊन तो बाहेरच्या खोलीत झोपू लागला. पहिल्या रात्री तिनं अख्खी गल्ली जागवली. तिसऱ्या-चौथ्या रात्री त्याच्या पोटावर पालथी पडून झोपली. मी भिंतीपलीकडे जागीच.

कारण रात्रीचं एकदम थांबल्यावर माझी छाती दगडासारखी दाटली. ब्लाऊजचा काठ लागला तरी कळ यायची. इतके दिवस सगळे उपाय पोरीसाठी. आईचं काय होतं, हे कुणी बोललंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी दूध आटवायची गोळी दिली नाही. गार पट्ट्या ठेवा, फार ठणकलं तर हलकं होईल एवढंच दूध काढा, सगळं रिकामं केलंत तर शरीर पुन्हा तेवढंच तयार करतं, थंडी-ताप आला तर लगेच या, म्हणाल्या.

अम्मांनी माझा चेहरा बघूनच ओळखलं. "पोरीचं होतंय गं. तुझं काय?" संध्याकाळी मोगऱ्याचे गजरे घेऊन आल्या आणि छातीशी धरून ओढणीनं बांधून दिले. मला हा खुळा उपाय वाटला होता. नंतर कळलं, वेल्लोरच्या डॉक्टरांनी 1988 साली याचीच तपासणी छापली होती. नव्या बाळंतिणींमध्ये एका गटाला गोळ्या, एका गटाला मोगरा. प्रोलॅक्टिन गोळ्यांनी जास्त उतरलं, पण दूध आटायला फुलांचाही तेवढाच उपयोग झाला. माझ्यात फुलांनी किती केलं आणि पट्ट्यांनी किती, सांगता येणार नाही. सकाळी गजरे तपकिरी, ओलसर होऊन निघायचे आणि ऑफिसात जाईतो अंगाला वास यायचा. आठवड्याभरात दाटणं ओसरलं.

अम्मांची हयात विड्या वळण्यात गेली. गजरा सोडताना मी विचारलं, "तुम्हाला कुणी बांधला होता?"

"मला?" त्या हसल्या. "मांडीवर सूप, हाताला तंबाखू. हजार विड्या व्हायच्या तेव्हा कारखान्यात माल जायचा. पुढनं पदर भिजला की मागचा पुढं घ्यायचा. पोरगं तंबाखूच्या वासालासुद्धा हटलं नाही बघ, पाचवं पोटात आलं तेव्हा सुटलं चौथं."