ओला रस्ता, खाचा आणि टायरची निवड

ओल्या रस्त्यावर टायरला एकाच वेळी दोन कामे करावी लागतात : वाटेतले पाणी बाजूला सारणे आणि त्याखालच्या खडीला रबर टेकवणे. 195 मिमी रुंदीचा टायर ताशी 80 किमी वेगाने 3 मिमी खोल पाण्यातून जात असेल, तर त्याच्यासमोर दर सेकंदाला सुमारे 13 लिटर पाणी येते. नक्षीच्या खाचांतून किंवा कडेने जेवढे निसटत नाही तेवढे टायरखाली शिरते आणि त्याला वर उचलते. टायर पूर्ण उचलला गेला की स्टेअरिंग हलके पडते आणि ब्रेक दाबूनही उपयोग होत नाही.

हे नेमके कोणत्या वेगाला घडते, याचे एक सूत्र नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी 1963 मध्ये विमानांच्या चाकांवरील प्रयोगांतून मांडले. त्यात मुख्य घटक एकच, हवेचा दाब. मोटारीला ते ढोबळपणे लावले, तर टायरमध्ये 32 पीएसआय हवा असताना हा वेग ताशी सुमारे 94 किमी येतो आणि 25 हवा असताना 83 पर्यंत उतरतो. हे आकडे खाचा बुडतील इतक्या पाण्यासाठी आहेत. पाणी त्याहून कमी असेल तर चांगल्या नक्षीचा टायर त्यापुढेही तग धरतो, गुळगुळीत टायर मात्र थोड्या पाण्यातही त्याच वेगाच्या आसपास हार मानतो.

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. पाऊस थोडा, पण पडतो तेव्हा सरींनी, आणि सप्टेंबरमध्ये अधिक. मधल्या कोरड्या दिवसांत रस्त्यावर धूळ, तेल आणि ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर आलेली काळी माती साचते. त्यामुळे उघडिपीनंतरच्या सरीची पहिली काही मिनिटे सर्वांत निसरडी असतात. रस्त्याचा पृष्ठभागही सर्वत्र सारखा नाही. सिमेंटच्या रस्त्यावर आडव्या बारीक खाचा पाडलेल्या असतात. त्या आवाज करतात, पण पाण्याला वाट देतात, आणि गाडीला कोणत्याही बाजूला ओढत नाहीत. डांबराचा जुना थर खरवडून नवा टाकायच्या आधी रस्ता काही दिवस उभ्या खाचांनी भरलेला राहतो. तिसरा प्रकार कोणी मुद्दाम न केलेला : उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेली चाकोरी. शिरूर–न्हावरे–चौफुला रस्त्यावर न्हावऱ्याला घोडगंगा साखर कारखाना आहे, आणि पुढे भीमा ओलांडली की पारगाव, केडगावपर्यंत दोन्ही बाजूंना ऊसच. हंगामात दबलेला डांबराचा पट्टा पावसाळ्यात उथळ पाट होतो.

या रस्त्यावर प्रस्तुत लेखकाने चालवलेली गाडी याच मातीतली आहे. फियाटने 2015 मध्ये बाजारात आणलेली अबार्थ पुंटो शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या कारखान्यात तयार होत असे. 1.4 लिटरचे टर्बो इंजिन, 145 अश्वशक्ती, ताकद पुढच्या चाकांना. तिला खरी स्पोर्ट्‌स कार म्हणावे की नाही यावर शौकीन भांडतात, पण ओल्या रस्त्यावर पुढची चाके फिरवून टाकण्याइतका जोर तिच्यात नक्कीच आहे. कंपनीचे टायर 195/55 आर 16 मापाचे. लेखकाने गाडी जुनी घेतली तेव्हा तिच्यावर आधीच्या मालकाने बसवलेले 205/45 आर 17 होते. चाकाचा एकूण व्यास जवळपास तेवढाच, पण टायरच्या भिंतीची उंची 107 मिमीवरून 92 वर आलेली.

कोरड्यात हे टायर वळणावर सुरेख वागत. पावसात पारगावच्या पुढे मात्र गाडी सारखी डावीकडे ओढली जाई. कारण चाकोरीत आहे. मालवाहू गाड्यांच्या डाव्या-उजव्या चाकांतले अंतर कारपेक्षा जास्त असते. म्हणून कारची दोन्ही चाके एकाच वेळी पाटात बसत नाहीत : एक पाण्यात, दुसरे उंचवट्यावर. रुंद टायरची कड पाटाच्या उतारावर लवकर चढते, आणि ताठ, बुटकी भिंत तो धक्का न गिळता थेट स्टेअरिंगपर्यंत पोचवते. अलाइनमेंट थोडे जरी बिघडलेले असले तरी ही ओढ वाढते.

रुंद टायर म्हणजे जास्त पकड, ही समजूत ओल्यात टिकत नाही. गाडीचे वजन आणि हवेचा दाब तेच असतील, तर रस्त्याला टेकणाऱ्या रबराचे क्षेत्रफळ फारसे बदलत नाही. ते प्रत्येक चाकाखाली तळहाताहून फार मोठे नसते. बदलतो तो त्याचा आकार. रुंद टायरचा ठसा आडवा आणि आखूड असतो, त्यामुळे जास्त पाणी समोर येते आणि ते बाहेर पडायला वेळ कमी मिळतो.

पुणे–सोलापूर महामार्गावर खरवडलेल्या एका टप्प्यात वेगळाच अनुभव आला. त्या टायरच्या नक्षीत सलग उभ्या पट्ट्या होत्या. पट्टीची कड रस्त्याच्या उभ्या खाचेत अडके, सुटे, पुन्हा अडके, आणि गाडी मागून कोणी हलवल्यासारखी डुलत राही. घाबरवणारा हा प्रकार प्रत्यक्षात तेवढा घातक नसतो. खाचा पाणी पोटात घेतात, त्यामुळे टायर उचलला जाण्याचा धोका उलट कमी होतो. धोका असतो तो चालकाने घाईने उलटे स्टेअरिंग मारण्यात. हात सैल ठेवून, वेग उतरवून गेले की डुलणे उरते, भरकटणे नाही. दुचाकीस्वाराला मात्र हे सांत्वन पुरेसे नाही.

नंतर त्याच गाडीवर मूळ मापाचे, असमान नक्षीचे टायर चढवले : आतल्या बाजूला रुंद उभ्या खाचा, बाहेरच्या खांद्यावर मोठे, ताठ ठोकळे. पाटातली ओढ पूर्ण गेली नाही, पण एका हाताने सावरण्याइतकी उरली. खरवडलेल्या भागात डुलणेही मंदावले, कारण ठोकळ्यांच्या कडा एका रेषेत नव्हत्या. कोरड्या वळणावर स्टेअरिंगची धार थोडी बोथट झाली, आणि हा सौदा या रस्त्यांवर परवडणारा आहे.

माप आणि नक्षीइतकेच वयही पाहावे लागते. टायरच्या भिंतीवरच्या चार अंकी खुणेत आठवडा आणि वर्ष असते, 3419 म्हणजे 2019 चा 34 वा आठवडा. शौकाच्या गाड्या कमी फिरतात. त्यामुळे नक्षी भरपूर शिल्लक असते, पण दौंडच्या उन्हात उभ्या गाडीचे रबर कडक झालेले असते. असा टायर दिसायला नवा आणि ओल्यात निरुपयोगी. खाचांची कायदेशीर किमान खोली 1.6 मिमी आहे. नव्या टायरला ती 8 मिमीच्या आसपास असते, आणि 3 मिमी उरल्यावरच पावसाळ्यापुरता तो संपला असे धरणे बरे.

दोनच नवे टायर घ्यायचे असतील, तर पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीतही ते मागे बसवावेत. टायरवाले बहुधा उलट सुचवतात. पण पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि स्टेअरिंगवर लगेच कळते. मागची सुटली तर गाडी फिरते, आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो. मूळ मापाचा आणखी एक व्यवहारी फायदा आहे : 195/55 आर 16 हे माप बलेनो आणि आय-20 सारख्या गाड्यांवरही येते, त्यामुळे ते मिळवणे 205/45 आर 17 पेक्षा सोपे जाते.