हाकेला ओ न देणारं मूल

चि. भाचीस,


रानात हरवलेलं मूल शोधपथकाच्या हाकेला कित्येकदा ओ देत नाही. तू लिहितेस त्या किशोरवयीनांच्या रहस्यकादंबरीचं खरं बीज इथे आहे. २००५ साली अमेरिकेच्या युटा राज्यातल्या उइंटा पर्वतात, स्काउटच्या शिबिरातून ११ वर्षांचा मुलगा हरवला. चार दिवसांनी तो सुखरूप सापडला. मधल्या काळात माणसं दिसली की तो पायवाट सोडून बाजूला होई, कारण अनोळखी माणसापासून दूर राहायचं हे त्याच्या मनावर पक्कं बिंबलं होतं.

शोध सुरू होतो तो मूल शेवटचं जिथे दिसलं त्या जागेपासून. वय, कपडे, चढ-उतार, पाण्याच्या वाटा पाहून नकाशावर टापू पाडतात आणि शक्यता जास्त तिथे माणसं आधी धाडतात. पण थकलेलं लहान मूल झुडपाखाली किंवा कपारीत शिरून झोपी जातं. ते हेलिकॉप्टरमधूनही दिसत नाही. अशा वेळी भिस्त असते ती वास काढणाऱ्या कुत्र्यांवर आणि पावलांचा माग काढणाऱ्यांवर.

१९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालोमार डोंगरावर हरवलेला नऊ वर्षांचा मुलगा मात्र जिवंत सापडला नाही. त्या शोधात सीमा गस्ती दलातला निष्णात मागकरी अ‍ॅब टेलर होता. त्या मृत्यूनंतर त्याने आणि सहकाऱ्यांनी ‘हग अ ट्री’ हा उपक्रम उभारला. त्यात मुलांना शिकवतात: वाट चुकल्यावर एका झाडापाशी थांबायचं, हलायचं नाही. सोबत शिट्टी आणि अंगावर चढवता येईल अशी मोठी प्लास्टिकची पिशवी ठेवायची. पालकांनाही एक काम असतं. घडी घातलेल्या टॉवेलवर अ‍ॅल्युमिनियम फॉइल पसरून मुलाला बुटांसकट त्यावर उभं करायचं आणि उमटलेला ठसा नाव घालून जपायचा. चिखलातल्या असंख्य पावलांतून नेमकं कोणतं शोधायचं, हे त्यावरून कळतं.

मूल सापडतं, पण रहस्य तिथे संपत नाही. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच चाउचिला गावी शाळेच्या बसमधून २६ मुलांचं अपहरण झालं. त्यांना खाणीत पुरलेल्या ट्रकच्या डब्यात कोंडलं होतं; तिथून ती चालकासह निसटली. मनोविकारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी पुढे काही वर्षं या मुलांचा अभ्यास केला. मुलं तोच प्रसंग खेळात पुन्हा पुन्हा मांडत. घटनांचा क्रम काहींच्या मनात उलटापालटा झाला होता; आधीच्या एखाद्या साध्या गोष्टीला ती अपशकुन मानू लागली होती. हा खोटेपणा नव्हे. धास्तावलेलं मन घडलेल्याचा अर्थ असाच लावतं, आणि त्यामुळेच अशा मुलाची साक्ष एकाच वेळी मोलाची आणि नाजूक असते.

म्हणूनच जाणकार तपासनीस मुलाला ‘त्याने ढकललं का?’ असं सुचवणारं काही विचारत नाहीत. ‘काय झालं ते सगळं सांग,’ एवढंच म्हणतात आणि थांबतात. तुझ्या कादंबरीतल्या पोलिसांनीही एवढं पाळावं.

तुझी,
मावशी